दरपत्रकाशेजारी आणखी एक पाटी लावा : सोलापूरच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व डॉक्टर, रुग्णालयांचे चालक व विश्वस्त, आणि डॉक्टरांच्या संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. २६ वर्षं मी या शहरात रुग्णालयांचे हिशेब लिहिले. आधी एका तपासणी केंद्रात, मग दोन खासगी रुग्णालयांत. पेशंटचं बिल काढणारी खिडकी पुढे असते. माझं टेबल तिच्या मागच्या खोलीत होतं. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत डॉक्टरांच्या पैशांचा तक्ता तयार करायचा, हे माझं काम. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, मूळ बिल, सूट, डॉक्टरांचा वाटा, त्यातून १० टक्के टीडीएस, आणि उरलेल्या रकमेचा चेक.

एकाच मजल्यावर बसणारे चार डॉक्टर चार तऱ्हांनी पैसे घेताना मी या तक्त्यात पाहिले. एकाला दरमहा ठरलेला पगार. दुसऱ्याला दर व्हिजिटमागे आणि दर ऑपरेशनमागे वाटा. तिसऱ्याला 'एमजी', म्हणजे महिन्याची किमान हमी, पण त्यांच्या नावावर अमुक इतकं बिल जमलंच पाहिजे या बोलीवर. चौथा रात्रीचा आरएमओ, म्हणजे रुग्णालयात मुक्कामाला असणारा निवासी डॉक्टर, नुकताच बीएएमएस झालेला मुलगा, बारा तासांच्या ड्यूटीवर, जितक्या रात्री तितके पैसे. बाहेर बाकड्यावर अक्कलकोटहून, मोहोळहून, पार विजापूर-गुलबर्ग्याहून आलेली माणसं हातात फाइल धरून बसलेली असत. त्यांना दारावरच्या पाटीवर डिग्री दिसायची. आत बसलेल्या माणसाची कमाई कशावर ठरते हे त्यांना कुणी सांगत नव्हतं, आणि विचारायचा धीर त्यांना नव्हता.

माझी मागणी एवढीच आहे, की ते सांगा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली सुधारणा झाली आणि रुग्णालयात दरपत्रक व रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्या दरपत्रकाशेजारी आणखी एक पाटी लावा. या रुग्णालयात डॉक्टरांना पैसे कोणत्या पद्धतीनं मिळतात, एवढंच त्या पाटीवर लिहा. किती मिळतात ते आम्हाला नको. तो आकडा तुमचा आणि आयकर खात्याचा.

'कसे' या शब्दावर माझा इतका जोर का, ते माझ्या घरातूनच सांगते. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि आई बिड्या वळायची. अशी घरं सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे मजुरी मोजण्याच्या पद्धती या गावाला कुणी शिकवायला नकोत. आईची मजुरी हजार बिड्यांमागे. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कातरीनं कापायची, आणि सूप मांडीवर घेऊन बसायची. दुपारपर्यंत तिची बिडी एकसारखी, घट्ट, तोंड नीट मुडपलेली यायची. चार वाजले आणि हजाराला दोनशे कमी असले की तिचा हात सुटायचा. कुठं तंबाखू कमी, कुठं दोरा सैल. मग कारखान्यात तपासणारा मूठभर बिड्या उचलून 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा आणि तेवढी मजुरी बुडायची. आई कामचुकार नव्हती, लबाड तर अजिबात नव्हती. हजाराचा आकडा गाठायची घाई तिच्या बोटांत उतरायची.

वडिलांचं उलट झालं. मिल बंद पडल्यावर ते एका टॉवेलच्या कारखान्यात रखवालदार म्हणून महिन्याच्या पगारावर लागले. साच्यावर असताना पाणी प्यायलासुद्धा न उठणारा माणूस तिथं फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला तरी सावकाश उठायचा. आईला त्याचं नवल वाटायचं. मला आता वाटत नाही.

डॉक्टर काही वेगळ्या मातीचे असतात असं मी मानत नाही. त्यांचं शिक्षण मोठं, जबाबदारी मोठी, पण दवाखान्याचं कर्ज त्यांनाही फेडायचं असतं आणि मुलांची फी त्यांनाही भरायची असते. जगात कुठंही जा, डॉक्टरला पैसे देण्याच्या मूळ तऱ्हा मोजक्याच दिसतात. केलेल्या कामागणिक, नोंदलेल्या माणसामागे, महिन्याचा पगार, किंवा एका आजाराचं मिळून ठरलेलं पॅकेज. बाकी सगळी यांचीच मिसळ. यातली एकही निर्दोष नाही. कामागणिक पैसे मिळाले की काम वाढतं, माणशी मिळाले की काम आखडतं, पगारावर काम रेंगाळू शकतं, आणि पॅकेजात पेशंट लवकर घरी जातो. हे माझं संशोधन नाही. आरोग्यसेवेचा पैसा अभ्यासणारे लोक हेच सांगत आले आहेत आणि माझ्या तक्त्यांत मला तेच दिसलं.

माणशी पद्धत मी लहानपणी जवळून पाहिली. वडिलांचं ईएसआयचं कार्ड होतं. १९४८ च्या कायद्यानं आलेली ही कामगार विमा योजना. आज दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के त्यात जमा होतात. तेव्हा आमच्या भागात 'पॅनलचा डॉक्टर' असायचा. दवाखाना त्याचा स्वतःचा, पण ज्या कामगारांची नावं त्याच्याकडे नोंदलेली असत त्यांच्या डोक्यामागे त्याला वर्षाची ठरलेली रक्कम मिळायची. कामगार वर्षात एकदा आला काय, वीसदा आला काय, रक्कम तीच. आमच्या त्या डॉक्टरांनी कधी 'परवा पुन्हा दाखवून जा' म्हटलं नाही, उगाच सुई टोचली नाही. पण दवाखान्यात रोख पैसे देणारे आधी आत जायचे आणि कार्डवाले मागे थांबायचे. वडिलांच्या वाट्याला दोन मिनिटंही यायची नाहीत. लाल औषधाची बाटली आणि रजेचं सर्टिफिकेट घेऊन ते घरी परतायचे. एवढं मात्र खरं, की हे असं का होतं ते चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. 'त्यांना आपल्यामागे वर्षाचे ठरलेले मिळतात' हे आईसुद्धा सांगायची. त्यामुळे खोकला महिनाभर हटला नाही तेव्हा तिनं वडिलांना तडक ईएसआयच्या हॉस्पिटलात नेलं, पॅनलवर विसंबून राहिली नाही. पद्धत ठाऊक होती म्हणून तिला सावध राहता आलं.

ब्रिटनमध्येही १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानं कामगारांसाठी असेच माणशी पैसे घेणारे डॉक्टर आणले होते, आणि तिथले लोकही त्यांना 'पॅनल डॉक्टर'च म्हणत. पुढे ५ जुलै १९४८ रोजी त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि ही सोय सगळ्या जनतेला मिळाली. आरोग्यमंत्री होते अन्युरिन बेव्हन. आपल्याकडे समज असा, की त्या दिवशी तिथले सगळे डॉक्टर सरकारी नोकर झाले. तसं झालं नाही. फॅमिली डॉक्टरांना सरकारी नोकरी नको होती, म्हणून ते स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि नोंदलेल्या माणसांमागे पैसे घेऊ लागले. रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना पगार मिळाला, वर खासगी पेशंट पाहायची मुभाही मिळाली. त्यांची तोंडं आपण सोन्यानं भरली, असं बेव्हन म्हणाल्याचं सांगतात.

तिथली एक पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. २००४ मध्ये ब्रिटननं फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुणांवर ठरवायला सुरुवात केली. अमुक इतक्या पेशंटांचं ब्लडप्रेशर तपासलं, अमुक इतक्यांची शुगर आटोक्यात आणली, तर इतके गुण आणि गुणांमागे पैसे. हेतू चांगला होता आणि काही आजारांची देखरेख सुधारलीही. पण ज्या गोष्टीला गुण नव्हते ती मागे पडते अशी तक्रार तिथले डॉक्टरच करू लागले, आणि स्कॉटलंडनं २०१६ मध्ये ही गुणपद्धत बंद केली. हे वाचताना मला आईचं सूप आठवलं.

कॅनडाची गोष्ट तर आणखी वेगळी. सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सरकारी आरोग्य विमा सुरू झाला, त्याच दिवशी तिथले डॉक्टर संपावर गेले आणि २३ दिवस संप चालला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की विमा सरकारचाच राहील, पण डॉक्टर नोकर होणार नाहीत. ते आपापला दवाखाना चालवतील आणि केलेल्या कामाचं बिल सरकारला पाठवतील. कॅनडात आजही बहुतेक डॉक्टर असेच काम करतात. पेशंटला बिल दिसत नाही. १९८४ च्या कायद्यानंतर तर एखाद्या प्रांतानं डॉक्टरांना पेशंटकडून वरचे पैसे घेऊ दिले, की केंद्राच्या अनुदानातून तेवढी रक्कम कापली जाते. जपानमध्ये साऱ्या देशाला एकच दरपुस्तक आहे, दर दोन वर्षांनी सुधारलं जातं. दर कमी, म्हणून डॉक्टर पेशंटांची संख्या वाढवतात, आणि 'तीन तास वाट, तीन मिनिटं तपासणी' ही तिथली म्हणच आहे.

परदेशाचं कौतुक करायला मी ही उदाहरणं दिली नाहीत. या देशांत डॉक्टरांना पैसे कसे द्यायचे यावर संप झाले, कायदे झाले, भर बाजारात भांडणं झाली. म्हणजे ती पद्धत लोकांच्या डोळ्यांसमोर ठरली. आपल्याकडे ती माझ्यासारखीच्या मागच्या खोलीत ठरते.

आपल्या खासगी दवाखान्यांत मुख्य चाल कामागणिक पैशांची आहे, आणि तिचा मोठा गुण मी मान्य करते. रात्री दोन वाजता पुणे हायवेवरची अपघाताची केस आली की पाच मिनिटांत गाडी काढून येणारे सर्जन मी पाहिले आहेत. पण या पद्धतीत कोणत्या कामाला काय भाव मिळतो तेही बघा. एक मधुमेहतज्ज्ञ बाई पेशंटला समोर बसवून भाकरी किती, भात किती, पायाची जखम रोज कशी बघायची, हे अर्धा तास समजावायच्या. तक्त्यात त्याची एक कन्सल्टिंग फी. शेजारच्या खोलीत त्याच अर्ध्या तासात दुर्बिणीच्या दोन तपासण्या व्हायच्या, आणि त्यांचा वाटा बाईंच्या फीच्या कितीतरी पट. हा प्रश्न अमेरिकेलाही सुटलेला नाही. हार्वर्डच्या विल्यम शाओ यांच्या गटानं प्रत्येक कामाला लागणारा वेळ, कौशल्य आणि ताण मोजून त्याचं मोल ठरवलं, आणि १९९२ पासून तिथली मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना, अशाच तक्त्यानुसार पैसे देते. तरीही बोलून बरं करणाऱ्या डॉक्टरपेक्षा यंत्र चालवणाऱ्याची कमाई तिथं जास्तच राहिली. आमच्या त्या बाईंनी पुढे रुग्णालय सोडलं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला बरीच वर्षं लागली.

तपासणी केंद्रात माझ्याकडे तक्त्याखेरीज एक लांबट वही होती. तिच्यात टीडीएसचा रकाना नव्हता, चेक नंबर नव्हता. ज्यांनी पेशंट पाठवला त्या डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, तपासणी आणि रक्कम. महिना संपला की खाकी पाकिटं यायची. त्यांवर पेन्सिलीनं नुसती आद्याक्षरं. नोटा मी मोजायची, पाकिटं मी भरायची, आणि पीआरओ, म्हणजे केंद्राचा जनसंपर्क पाहणारा माणूस, ती बॅगेत घालून मोटरसायकलवर निघायचा. तुम्ही त्याला रेफरल म्हणा, कमिशन म्हणा. बाजारात त्याचं नाव 'कट' आहे. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटलं नाही, कारण सगळीकडे असंच चालतं असं पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं होतं.

मग आईचे गुडघे गेले. चाळीस वर्षं मांडी घालून बिड्या वळल्यावर दुसरं काय होणार? आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. मी केंद्रातली नोकर म्हणून मॅनेजरकडे शब्द टाकला आणि बिलातून हजार रुपये कमी करून घेतले. घरी जाताना आईला ते अभिमानानं सांगितलंही. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला वही लिहिताना तिचं नाव आलं. वाटा मूळ बिलावर काढायचा असतो, सूट वजा करून नाही, हा नियम मला पाठ होता. आईच्या नावापुढे मी माझ्याच अक्षरात १,८०० लिहिले. नोटा मोजल्या. पाकीट बंद केलं.

आईला त्या एमआरआयची गरज होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित होती. ते डॉक्टर कदाचित शंभर टक्के बरोबर असतील. पण त्या दिवसापासून मला ते कळायचा मार्ग बंद झाला, आणि ते बरोबर असतील तर त्या पाकिटानं त्यांचंही नुकसानच केलं. त्यांच्या चांगल्या सल्ल्यावरचा माझा विश्वास त्यांनी १,८०० रुपयांना विकला होता, आणि तो विकल्याचं आईला कधीच कळलं नाही.

त्याच वहीत आणखी एक नाव होतं. शहरातले एक वयस्कर फिजिशियन. त्यांचं पाकीट दर महिन्याला जसंच्या तसं परत यायचं, वर चिठ्ठी: 'पेशंटच्या बिलातून कमी करावे.' पेशंट तर पैसे भरून केव्हाच घरी गेलेला असायचा, त्यामुळे ती रक्कम केंद्राच्याच गल्ल्यात पडायची. चारपाच महिन्यांनी हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग ते तपासणीच्या चिठ्ठीवरच, औषधं लिहितात त्याच बारीक अक्षरात, खाली एक ओळ लिहू लागले: 'माझा वाटा वजा करून बिल घ्यावे.' ती चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचं बिल खरंच कमी व्हायचं. बाकड्यावर शेजारी बसलेल्या दोन पेशंटांना एकाच तपासणीचे वेगळे पैसे पडायचे, आणि का ते दोघांनाही ठाऊक नसायचं. अशा डॉक्टरांचं वेगळेपण लोकांना कधी दिसावं? मी हे पत्र त्यांच्यासाठीही लिहिते आहे.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनं पेशंट पाठवण्याबद्दल पैसे घेणं-देणं स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवलं आहे. २०१७ साली राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो मसुदा पुढे कायदा झाला नाही. म्हणून मी सरकारकडे न जाता तुमच्याकडे आले. पाटी लावायला कायदा लागत नाही.

सोलापुरात डॉक्टरांविषयी कुणी बोलू लागलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच, आणि निघायलाच हवं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर हा आपल्या गावचा मुलगा चीनला गेला आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेला. भैया चौकातल्या त्यांच्या घराच्या स्मारकात मी जाऊन आले आहे. पण त्यांचं नाव घेऊन आजच्या डॉक्टरला त्याग शिकवणारी भाषणं मला पटत नाहीत. एखादा कोटणीस स्वतःहून पुढे येतो; त्याच्या भरवशावर जिल्ह्याचा कारभार चालवता येत नाही. ज्या चीनसाठी ते झिजले त्याच चीनमध्ये पुढे काय झालं ते बघा. सरकारनं रुग्णालयांचं अनुदान आखडलं आणि औषधांवर १५ टक्के नफा घ्यायची मुभा दिली. रुग्णालयं त्या नफ्यावर जगू लागली. मग औषधांच्या याद्या लांबल्या, अँटिबायोटिक आणि सलाइन साध्या तापालाही लागू लागलं. २००९ पासून सुधारणा सुरू झाल्या आणि २०१७ पर्यंत सगळ्या सरकारी रुग्णालयांतून तो नफा बंद केला गेला. तिथल्या डॉक्टरांची नियत एका पिढीत बिघडली आणि एका आदेशानं सुधारली, असं कुणी म्हणणार नाही. पैसे येण्याची वाट बदलली.

आता योजनेविषयी. आज जी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत सोलापूर होतं. म्हणजे पॅकेज पद्धतीचा अनुभव आपल्याला राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधीपासून आहे. एका ऑपरेशनची एक ठरलेली रक्कम. खाट, औषध, भूल, डॉक्टर सगळं त्यातच. या योजनेनं किती घरं वाचवली ते मी काउंटरमागून पाहिलं आहे, शेत गहाण न टाकता घरी गेलेली माणसं पाहिली आहेत. पण माझ्या तक्त्यात योजनेचे पेशंट वेगळ्या रंगात असायचे, कारण त्यांचा वाटा क्लेम जमा झाल्यावरच द्यायचा, आणि क्लेमला महिने लागायचे. 'ताई, योजनेचे माझे किती अडकलेत?' हा प्रश्न मला दर पाच तारखेला यायचा. परिणाम असा, की दोन मुतखड्याच्या पेशंटांपैकी रोखीवाल्याला सोमवारची तारीख आणि योजनेवाल्याला पुढच्या गुरुवारची. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं. तक्ता वाचला की ते आपोआप होत होतं. क्लेमचे पैसे वेळेवर सोडणं हे सरकारचं काम आहे आणि त्यासाठी डॉक्टर भांडत असतील तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन.

सरकारी दवाखान्यांनीही हे पत्र आपल्याला लागू नाही असं समजू नये. १९६३ पासून या गावात वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिलच्या ओपीडीत वीस पेशंट आले काय, दोनशे आले काय, पगार बदलत नाही. तिथं गरिबाला एक मोठा दिलासा असतो: समोरच्या डॉक्टरला माझं पोट फाडून काही मिळायचं नाही. हा दिलासा पाटीवर लिहिला तर काय बिघडेल? जे व्यवसायरोध भत्ता घेतात, म्हणजे खासगी व्यवसाय न करण्याबद्दल ज्यांना वेगळे पैसे मिळतात, त्यांची नावंही लिहा. कंत्राटी डॉक्टरांचं मानधन आणि आशाताईंचा कामागणिक मोबदला थकतो तेव्हा तेही लोकांना कळू द्या, म्हणजे लोक त्यांच्या बाजूनं बोलतील.

पाटी लावली तर पेशंट संशय घेतील, असं एका डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. संशय आजही आहे, आणि माहिती नसल्यामुळे तो सगळ्यांवर सारखा आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं औषध कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या पैशांची आणि भेटींची माहिती जाहीर करावी लागते, आणि २०१४ पासून ती कुणालाही डॉक्टरच्या नावानं पाहता येते. तिथले लोक डॉक्टरकडे जायचे थांबले नाहीत. दुसरे एकजण म्हणाले, 'दुकानदार कुठं सांगतो त्याला किती सुटतात?' चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक चादर उलगडून बघतं, चिमटीत धरून पोत बघतं, नाही पटली तर पुढच्या दुकानात जातं. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या माणसाला काय चिमटीत धरता येतं? डॉक्टरनं सांगितलं ते खरं मानण्यावाचून त्याच्याकडे दुसरं काही नसतं, म्हणून त्याला थोडं जास्त सांगावं लागतं.

सगळ्या रुग्णालयांनी एकाच दिवशी सुरुवात करावी, अशी माझी अपेक्षा नाही. संघटनांनी आपल्या एका बैठकीत हा विषय घ्यावा. ज्यांना वहीतलं पाकीट नको आहे अशा दहा डॉक्टरांनी आधी आपल्या दारावर पाटी लावावी. माझ्या अनुभवावरून मजकूर खाली देते आहे. जे लागू नाही ते खोडा, जे राहिलं असेल ते घाला. तुमचा तक्ता कसा वाचायचा यासाठी कुणाला मदत लागली तर मी येऊन बसेन, त्याचे पैसे घेणार नाही.

पाटीचा मजकूर:

'या रुग्णालयातील डॉक्टरांना दरमहा पगार / प्रत्येक तपासणी व शस्त्रक्रियेमागे वाटा / किमान हमी व बिलावर टक्केवारी मिळते. (डॉक्टरांच्या नावापुढे पद्धत लिहिली आहे.) महिन्याला अमुक इतके दाखल पेशंट किंवा अमुक इतक्या तपासण्या झाल्या पाहिजेत, असे कोणतेही लक्ष्य कोणत्याही डॉक्टरला दिलेले नाही. शासकीय योजनेतील पेशंटसाठी डॉक्टरांना मिळणारा वाटा व तो मिळण्याची वेळ रोखीच्या पेशंटसारखीच आहे / वेगळी आहे. बाहेरील तपासणी केंद्राकडून, औषध दुकानाकडून किंवा पेशंट पाठवणाऱ्या-स्वीकारणाऱ्या रुग्णालयाकडून येथील डॉक्टर कोणतीही रक्कम घेत नाहीत व देत नाहीत. तपासणीच्या चिठ्ठीवर तसे लिहून सही करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे.'

आपली,
सोलापुरातल्या रुग्णालयांची एक निवृत्त हिशेबनीस